सामाईक

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
दुसऱ्या मजल्यावरचा आमचा गाळा,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकोणीस हार्ड डिस्क.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, प्रत्येकीवर वेगळं अक्षर:
'मुकादम हळद, फायनल',
'मुकादम हळद, खरंच फायनल',
आणि शिरीनच्या हातची एक नुसतीच
'हात लावू नये'.

हात नाही लागला. हेरंबचं कोपर लागलं.
आवाज असा मोठा नव्हता,
सुपारी फुटल्यासारखा.

त्या आठवड्यात मी कळव्याला मुकादमांकडे गेलो,
चहा संपला तरी कप धरून बसलो
आणि सांगितलं, हळदीचा दीड तास आता कुठेच नाही.
नवरीचे मामा म्हणाले,
"कुठेच नाही म्हणजे? कुठेतरी असेल ना."
पूल ओलांडेपर्यंत हेच डोक्यात.

मग कोटेशनं.
पहिल्यात इतकी शून्यं, की हिशेब बघणारी सरोजा म्हणाली,
एवढ्यात माझ्या भावाचा टेम्पो येतो,
आणि टेम्पो निदान माल तरी वाहतो.
दुसरं क्लाउडचं:
आपलंच सामान आपल्याला दाखवायला जन्मभर भाडं,
आणि एक लग्न वर चढवायला आमच्या लाइनवर दोन रात्री.
तिसरं, चार कप्प्यांची काळी पेटी,
डिस्क वेगळ्या, चार, आठ-आठ टीबीच्या.
सरोजाने बेरीज केली: बत्तीस.
मी म्हटलं, सोळाच धरा.
उरलेल्या सोळात तेच.
"तेच म्हणजे?"
तेच. इकडे लिहिलं की तिकडेही, त्याच क्षणी, आरशासारखं.
ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
"म्हणजे अर्धे पैसे
काहीच न होण्यासाठी."
हो.
वर्षानुवर्षं काहीच न होण्यासाठी.

किसननगरच्या सामाईक नळावर वाढलो मी.
साडेपाच ते सहा दहा.
पाणी कमी नसतं,
नळी बारीक असते आणि हंडे मोठे,
हे तिथेच कळलं होतं.
म्हणून दोनदा भांडून ठरलं:
महागडा स्विच नको, नळी आहे तीच राहू दे.
कापाकापीला प्रत्येकाने प्रॉक्सी घ्यायची,
तांब्याएवढी हलकी प्रत.
मूळ चित्रण पेटीत झाकून राहील,
आणि रात्री एकेकानेच हंडा लावायचा.
शिरीनला पटलं.
हेरंब त्या दिवसांत कशालाही हो म्हणायचा.

पेटी आली, तर ठेवायची कुठे?
खाली पॉवर प्रेस. ठक्.
सात सेकंदांनी पुन्हा ठक्.
फरशीतून येतो, खुर्चीतून मणक्यात चढतो,
आणि डिस्क तर मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरणारी,
तिच्यावर केसाहून कमी अंतर राखून तरंगणारी सुई.
प्रेस बंद ठेवा असं सांगायला जाणार कोण.
खालचे फोरमन चौरसियाच एकदा वर आले,
ट्रकच्या ट्यूबचे चार तुकडे घेऊन:
आमच्या गेजखाली हेच असतं.

शुक्रवारी वीज जाते म्हणून एक यूपीएस.
आणि जे कुठल्याच कोटेशनात नव्हतं ते:
दर महिन्याला एक डिस्क भरून
कोपरीला, सरोजाच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारी.
आरसा म्हणजे प्रत नव्हे, हे मला उशिराच कळलं.
इकडे पुसलेलं
आरशातही पुसलं जातं.

पहिलं फोल्डर मी केलं: मुकादम.
आत मामांच्या मोबाइलमधलं जे होतं ते,
सतरा सेकंद, उभं चित्र, कडेला कुणाचं तरी बोट,
पिवळा हात एका गालाकडे निघालेला.
चार हिरवे दिवे लुकलुकले.
खाली ठक्.

त्या फोल्डरमधलं काही पुसायची परवानगी
फक्त हेरंबला दिली आहे.
अजून त्याने ते उघडलेलं नाही.